मृत्यूचा फोटो छापायचा की नाही, हे कोण ठरवतं?

२ सप्टेंबर २०१५ ची सकाळ. तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर एका लहानग्याचा मृतदेह येऊन पडला होता. लाल टी-शर्ट, निळी हाफपँट, पायात बूट. सीरियातून जीव वाचवायला निघालेल्या कुटुंबातलं ते मूल; रात्री होडी उलटली होती. निलुफर देमिर ही छायाचित्रकार तिथे होती. तिने काढलेल्या फोटोंपैकी दोन काही तासांत जगभरच्या वृत्तपत्रांच्या डेस्कवर पोहोचले. एकात मूल वाळूत पालथं पडलंय, गाल ओल्या वाळूला टेकलाय. दुसऱ्यात एक तुर्की जवान त्याला हातांवर उचलून नेतोय. मुलाचा चेहरा दिसत नाही, खाली लोंबणारे पाय दिसतात.

घटना एक, मूल एक, छायाचित्रकार एक. तरी लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ने पहिला फोटो पहिल्या पानावर घेतला आणि इतर कितीतरी वृत्तपत्रांनी विचार करून दुसरा घेतला.

दुसऱ्या फोटोत एक जिवंत माणूस आहे. त्याने मुलाला उचललंय, म्हणजे निदान कुणीतरी त्याला तिथे टाकून गेलेलं नाही. आपल्या नजरेला टेकायला जागा मिळते. पहिल्या फोटोत ती मिळत नाही. तिथे मूल एकटं आहे आणि त्याच्याकडे पाहणारे आपण. दुसरा निवडण्यात मुलाची आब राखण्याचा विचार आहे. पहिला निवडण्यात, तो दिलासाच खोटा आहे असं म्हणणं आहे. मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात.

जर्मनीतल्या ‘बिल्ड’ने या मुलाचा फोटो छापला तेव्हा वाचकांच्या तक्रारी आल्या. त्यावर ८ सप्टेंबरला ‘बिल्ड’ने अख्खा अंकच बिनफोटोचा काढला. मथळे होते, बातम्या होत्या, आणि फोटोंच्या जागी रिकाम्या करड्या चौकटी. फोटो काढून घेतले की काय उरतं, हे त्यांना वाचकांना दाखवायचं होतं.

बाहेरून वाटतं की अशा निर्णयांसाठी न्यूजरूममध्ये एखादी जाडजूड नियमावली असेल: रक्त दिसलं की नाही, चेहरा दिसला की नाही, लहान मूल असलं की नाहीच नाही. नियमावल्या असतात, पण त्यांत ‘लोकहित’, ‘प्रतिष्ठा’, ‘गरज’ असे शब्द असतात आणि त्या शब्दांचा अर्थ दर वेळी नव्याने लावावा लागतो. तो लावायचा असतो फोटो एडिटर, वृत्तसंपादक आणि फार झालं तर संपादक यांनी, पान सोडायची वेळ डोक्यावर असताना. त्यांच्यासमोर कोणते प्रश्न असतात ते एकेक करून पाहू. पण माझं मत आधीच सांगून ठेवते. या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न बसलेला असतो: या मृताच्या बाजूने बोलणारं कुणी आहे का, आणि त्याचा आवाज डेस्कपर्यंत पोहोचतो का?

आधी खरेपणा, मग बाकीचं

फोटो आला की पहिला प्रश्न ‘दाखवावा का’ हा नसतो, ‘खरा आहे का’ हा असतो. कुणी काढला, कुठे, कधी? वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने पाठवला असेल तर निम्मं काम झालेलं असतं. मोबाइलवरून फिरत आला असेल तर तो इंटरनेटवर उलटा शोधून पाहायचा, आधी कुठे छापून आलाय का, दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच युद्धातला तर नाही. सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात, पाट्या कोणत्या भाषेत आहेत, त्या दिवशी तिथे पाऊस होता का, हे सगळं ताडून पाहतात. एआयने बनवलेल्या चित्रांमुळे हे काम आता आणखी किचकट झालंय.

मृतांच्या फोटोंतली बनवाबनवी मात्र जुनीच आहे. अमेरिकन यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनरने दगडांच्या आडोशाला पडलेल्या एका दक्षिणी नेमबाजाचा फोटो काढला. तो गाजला. शंभराहून अधिक वर्षांनी विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने त्या जागेचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की तोच मृतदेह थोड्या अंतरावर आधी दुसऱ्या फोटोंत दिसतो. म्हणजे चौकट सुरेख दिसावी म्हणून प्रेत उचलून हलवलं होतं. तो तरुण कोण होता हे आजही ठाऊक नाही. त्याच्या वतीने आक्षेप घ्यायला तिथे कुणीच नव्हतं.

खरेपणाला चिकटूनच येतो तो पुढचा प्रश्न: हा फोटो आपल्याला कुणी दिला आणि कशासाठी? २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने ओलिसांचे शिरच्छेद कॅमेऱ्यासमोर केले. ते व्हिडिओ माध्यमांनी दाखवावेत याचसाठी बनवलेले होते. कुणाला मारायचं, कोणते कपडे घालायचे, कॅमेरा कुठे ठेवायचा, हे मारणाऱ्याने ठरवलेलं. असं दृश्य दाखवणारं चॅनेल त्या गुन्ह्याचा शेवटचा टप्पा आपल्या हाताने पुरा करतं. बऱ्याच माध्यमांनी ते व्हिडिओ दाखवायला नकार दिला. काहींनी ओलिसाचा आधीच्या आयुष्यातला, हसरा फोटो वापरला. त्या हसऱ्या फोटोमागची समज मला फार मोलाची वाटते. मेलेल्या माणसाची ओळख मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून होऊ द्यायची नाही, ही ती समज. जुलै २०१६ मध्ये, नीस शहरातल्या हल्ल्यानंतर, फ्रान्सच्या ‘ल मोंद’ने हल्लेखोरांचे फोटो छापणंही बंद केलं.

१५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला तेव्हा मारेकऱ्याने तो थेट प्रक्षेपित केला होता. पहिल्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढून टाकल्याचं फेसबुकने जाहीर केलं. न्यूझीलंडने तो व्हिडिओ जवळ बाळगणं आणि पसरवणं हाच गुन्हा ठरवला. इथे ‘दाखवायचं की नाही’ हा प्रश्न डेस्कच्या हातातून कधीच सुटला होता. संपादक नको म्हणाला तरी ते दृश्य लोकांच्या खिशात पोहोचलेलं होतं.

सरकारला हवे असलेले मृत

सरकारंही फोटो देतात आणि अडवतात, आणि दोन्ही वेळा कारण सांगताना शब्द तोच असतो: प्रतिष्ठा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकार आपल्या सैनिकांच्या मृतदेहांचे फोटो बाहेर येऊ देत नव्हतं. जॉर्ज स्ट्रॉकने न्यू गिनीतल्या बुनाच्या किनाऱ्यावर तीन अमेरिकी सैनिकांचा फोटो काढला होता, तिघंही वाळूत पडलेले, एकाचं शरीर अर्धवट वाळूत रुतलेलं. तो फोटो कित्येक महिने अडकून पडला. मग रूझवेल्ट यांच्या सरकारला वाटू लागलं की घरी बसलेली जनता युद्धाबाबत सुस्तावत चालली आहे. धोरण बदललं आणि २० सप्टेंबर १९४३ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात तो फोटो छापून आला. तिघांपैकी कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. फोटोत काडीचाही फरक पडलेला नव्हता. आधी तो मनोधैर्य खच्ची करणारा ठरला होता, नंतर मनोधैर्य जागवणारा ठरला.

मार्च २००३ मध्ये इराक युद्धात मारले गेलेले अमेरिकी सैनिक ‘अल जझीरा’वर दिसले, तेव्हा अमेरिकेने संताप व्यक्त केला. त्याच वर्षी जुलैमध्ये सद्दाम हुसेन यांची दोन मुलं मारली गेली आणि अमेरिकी सैन्याने स्वतः त्यांच्या मृत चेहऱ्यांचे फोटो जगाला दिले. ते खरोखर मेलेत यावर इराकी लोकांचा विश्वास बसावा म्हणून, असं कारण दिलं. कारण समजण्यासारखं आहे. पण तोवर अमेरिकेत स्वतःच्या सैनिकांच्या, राष्ट्रध्वज पांघरलेल्या, बंद शवपेट्यांचेही फोटो डोव्हरच्या हवाई तळावर काढायला बंदी होती! ती बंदी १९९१ पासून होती. २००९ मध्ये उठली, तीही कुटुंबाची संमती असेल तरच या अटीवर.

ही अट लक्षात ठेवा. कुटुंबाची संमती. पुढे ती वेगवेगळ्या रूपांत येणार आहे.

चेहरा कुणाचा?

इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत एक जुनी कसोटी आहे, न्याहारीची. माणूस सकाळी खात खात पेपर उघडतो, शेजारी मुलं बसलेली असतात. तेव्हा हा फोटो समोर आलेला त्याला चालेल का? तिचा उपयोग आहे, विशेषतः जागा ठरवताना. पहिल्या पानावरचा फोटो न मागता डोळ्यांसमोर येतो, आतल्या पानावरचा वाचक पान उलटून पाहतो. रंगीत की कृष्णधवल, चार कॉलम की दोन, जवळून की लांबून, हे निर्णयही त्यातच येतात. वेबसाइटवर फोटोआधी सूचनेचा पडदा टाकता येतो. टीव्हीला यातलं फारसं काही करता येत नाही. तिथे चित्र हलतं, त्याला आवाज असतो आणि प्रेक्षक कुठल्याही क्षणी येऊन बसतो. ब्रिटनमध्ये रात्री ९ पूर्वी लहान मुलं पाहत असतील हे गृहीत धरून कार्यक्रम दाखवावे लागतात. थेट प्रक्षेपणात काय होऊ शकतं हे ३० एप्रिल १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये दिसलं. हमरस्त्यावर गाडी अडवून बसलेल्या एका माणसाने हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यांसमोर जीव दिला. काही वाहिन्यांनी ते दृश्य दाखवण्यासाठी मुलांचे कार्यक्रम मध्येच थांबवले होते.

पण न्याहारीची कसोटी वाचकाच्या सोयीची आहे. ज्याचा मृतदेह आहे त्याचा विचार तिच्यात कुठेच नाही. म्हणून तिच्यावर थांबून चालत नाही.

मृताचा विचार सुरू होतो चेहऱ्यापासून. चेहरा दिसत असेल तर तो कुणीतरी ओळखणार आहे. घरच्यांना बातमी पोहोचली आहे का? नसेल तर फोटो थांबवायचा, ही जवळपास सगळ्या जबाबदार न्यूजरूमची रीत आहे. ब्रिटनमधल्या प्रसारण नियमांत हे स्पष्ट लिहिलंय: जवळच्या नातेवाइकांना कळवल्याची खात्री नसेल तर मृताची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्या. आणि ओळख फक्त चेहऱ्याने पटत नाही. शर्टाची नक्षी, हातावरचं गोंदण, चप्पल, पाठीवरची बॅग, यांवरूनही घरचं माणूस ओळखतं. चेहरा धूसर केला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही.

कायदाही इथे डोकावतो, पण देशोदेशी वेगळा. जर्मनीत माणसाच्या चित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर १० वर्षं टिकतो आणि त्या काळात संमती नातेवाइकांकडून घ्यावी लागते. समकालीन घडामोडींसाठी त्याला अपवाद आहेत. फ्रान्समधलं एक प्रकरण जास्त बोलकं आहे. ६ फेब्रुवारी १९९८ ला कॉर्सिकात क्लोद एरिन्याक या वरिष्ठ शासकीय अधिकाऱ्याची भर रस्त्यात हत्या झाली. ‘पारी माच’ साप्ताहिकाने त्यांच्या रस्त्यावर पडलेल्या देहाचा फोटो छापला. पत्नी आणि मुलं कोर्टात गेली. हा फोटो कुटुंबाच्या संमतीशिवाय छापला होता, असं साप्ताहिकाने छापावं, असा आदेश निघाला. प्रकरण थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये तिथेही साप्ताहिक हरलं. हत्या ही मोठी बातमी होती, यात वाद नव्हताच. पण दुःख ताजं असताना घरच्यांना ते पुन्हा भोगायला लावू नये, हे न्यायालयाने वजनदार मानलं.

एरिन्याक यांच्या घरच्यांना वकील करता आला. आता याच्या शेजारी दुसरा फोटो ठेवून पाहू.

डिसेंबर १९८४, भोपाळ. वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचा चेहरा, मातीतून वर आलेला, डोळे उघडे. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी तो टिपला. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. भोपाळ म्हटलं की आजही जगाला तो चेहरा आठवतो. ते मूल कोण, कुणाचं, हे कळलेलं नाही. संमती विचारायची तरी कुणाला? मला तो फोटो छापला गेला हे योग्यच वाटतं, कारण त्या रात्रीचा दोष कुणाच्या पदरी आहे हा प्रश्न त्या चेहऱ्याने विझू दिला नाही. पण योग्य वाटत असतानाही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही की एका चेहऱ्यासाठी न्यायालय उभं राहिलं आणि दुसऱ्या चेहऱ्याला नावही मिळालं नाही.

लांबचे मृत आणि जवळचे मृत

ऑक्टोबर १८६२ मध्ये न्यू यॉर्कच्या एका दालनात मॅथ्यू ब्रेडीने अँटिएटमच्या लढाईतल्या मृतांचे फोटो मांडले. तेव्हा वृत्तपत्रांना फोटो छापण्याचं तंत्र अवगत नव्हतं, लोकांना दालनात जाऊनच ते पाहावे लागत. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्यावर लिहिलं ते आजही उद्धृत केलं जातं: ब्रेडीने मृतदेह आणून आमच्या अंगणात ठेवले नसले, तरी त्याच्या जवळ जाणारं काहीतरी केलंय. लढाई शेकडो किलोमीटर दूर होती. फोटोने ती दारात आणली.

पण अंगण कुणाचं आणि मृत कुणाचे, यावरून मापं बदलतात. आणि इथे माध्यमांनी स्वतःशी सर्वांत कमी प्रामाणिकपणा दाखवलाय, असं मला ठामपणे वाटतं.

जानेवारी २०१९ मध्ये नैरोबीत एका हॉटेल संकुलावर अतिरेकी हल्ला झाला. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने बातमीसोबत एक फोटो टाकला. त्यात टेबलाशी बसल्या जागी मरून पडलेली माणसं दिसत होती. केनियात संतापाची लाट उठली. अजून घरच्यांना आपलं माणूस सापडलेलं नाही आणि तुम्ही असा फोटो टाकता? तुमच्या देशातल्या गोळीबारांनंतर तुमची माणसं अशी दाखवली होतीत का? केनियाच्या माध्यम परिषदेने फोटो काढायला २४ तासांची मुदत दिली. वृत्तपत्राने आपली बाजू मांडली, वाचकांच्या भावना समजतात असं म्हटलं, हल्ल्याची भीषणता स्पष्टपणे दाखवणं महत्त्वाचं असल्याचं सांगितलं, आणि फोटो राहू दिला.

केनियातल्या लोकांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. ११ सप्टेंबर २००१ ला रिचर्ड ड्रू यांनी जळत्या टॉवरवरून खाली पडणाऱ्या एका माणसाचा फोटो काढला. रक्त नाही, जखम नाही, चेहराही नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी अनेक अमेरिकी वृत्तपत्रांनी तो छापला. वाचकांनी इतकी टीका केली की बहुतेकांनी तो पुन्हा छापलाच नाही. वाचक जवळचे होते, त्यांचा आवाज पोहोचला. नैरोबीचा आवाज पोहोचूनही पुरला नाही.

यात दुष्टपणा असतो असं नाही. संपादक आपल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवतो. लांबच्या देशातला मृत माणूस त्याच्या वाचकांपैकी कुणाचा भाऊ असण्याची शक्यता कमी, म्हणून हात सैल सुटतो. पूर्वी हे हिशेब चालून जात. आता तोच फोटो पाच मिनिटांत त्या भावाच्या फोनवर पोहोचतो. लांब असं कुणी उरलेलंच नाही, पण सवय मात्र उरली आहे.

उलट दिशेनेही हे घडतं. ऑगस्ट २००९ मध्ये अफगाणिस्तानात एपी या वृत्तसंस्थेच्या ज्युली जेकबसन यांनी प्राणघातक जखमी झालेल्या एका तरुण अमेरिकी सैनिकाचा फोटो काढला. एपीने दफनविधी होईपर्यंत थांबून, बातमीदाराला घरी पाठवून कुटुंबाला तो दाखवला. वडिलांनी छापू नका म्हणून विनवलं. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी स्वतः एपीकडे आक्षेप नोंदवला. एपीने तरीही फोटो जारी केला: युद्ध काय असतं हे लोकांना दिसलं पाहिजे, ही भूमिका. पुष्कळ वृत्तपत्रांनी तो वापरला नाही. मी स्वतः तिथे असते तर वडिलांचा शब्द मोडला नसता. पण एपीने त्यांच्या दारात जाऊन, समोर बसून फोटो दाखवला, हे मला विसरता येत नाही. इतकंही लांबच्या मृतांच्या वाट्याला क्वचितच येतं.

आईने ठरवलं तेव्हा

१९५५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या माणसांनी हाल हाल करून मारलं आणि नदीत टाकलं. देह शिकागोला आला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. आई, मॅमी टिल, यांनी शवपेटी उघडी ठेवायचं ठरवलं. माझ्या मुलाचं काय केलं ते लोकांनी पाहू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. हजारो लोक दर्शनाला आले. डेव्हिड जॅक्सन यांनी काढलेला फोटो ‘जेट’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकात १५ सप्टेंबरला छापून आला. गोऱ्या मालकीच्या मोठ्या वृत्तपत्रांनी तो छापला नाही. आज अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचा इतिहास त्या फोटोशिवाय सांगता येत नाही.

मृताची प्रतिष्ठा राखायची म्हणजे झाकायचं, असं आपण सहज धरून चालतो. मॅमी टिल यांनी ते उलटं करून दाखवलं. झाकलं असतं तर ती मारेकऱ्यांची सोय झाली असती. त्या फोटोत लाज असलीच तर ती मुलाची नव्हती.

म्हणूनच सामूहिक गोळीबारांनंतर अमेरिकेत हा प्रश्न दर वेळी पुन्हा वर येतो: शाळेतल्या मुलांच्या देहांची खरी अवस्था लोकांनी पाहिली तर बंदुकांविषयीचं मत बदलेल का? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अशा घटनांतल्या जागांचे फोटो प्रसिद्ध केले. आधी कुटुंबांशी बोलणं झालं, न्यूजरूममध्ये दीर्घ चर्चा झाली, आणि शेवटी ओळखू येतील असे मृतदेह न दाखवता रक्ताळलेल्या वर्गखोल्या आणि बंद शवपिशव्या दाखवायचं ठरलं. काहींना हे फार वाटलं, काहींना फार कमी. एका आईच्या निर्धाराच्या जागी इथे अनेक घरं होती आणि प्रत्येक घराचं म्हणणं वेगळं. एका घराने हो म्हटलं म्हणून दुसऱ्या घराच्या मुलाचा फोटो दाखवता येत नाही.

पाहिल्याने काय होतं?

छापण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा युक्तिवाद असा: फोटोने लोक जागे होतात. होतात, पण किती काळ? बोद्रुमच्या किनाऱ्यावरच्या फोटोनंतर स्वीडनच्या रेड क्रॉसच्या निर्वासित निधीला काय झालं, हे पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. आठवडाभरात रोजच्या देणग्यांची संख्या शंभर पटींहून अधिक वाढली. साधारण सहा आठवड्यांत ती पुन्हा खाली आली. सीरियातलं युद्ध तेव्हा पाचव्या वर्षात होतं, लाखो बळी आधीच आकड्यांत जमा झाले होते. आकड्यांनी जे केलं नाही ते एका फोटोने केलं. फक्त सहा आठवड्यांपुरतं.

दुसऱ्या पारड्यात पाहणाऱ्यांचं नुकसान आहे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या पाहत राहिलेल्या लोकांमध्ये, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही तीव्र मानसिक ताण आढळला, असं अ‍ॅलिसन होलमन आणि रॉक्सेन सिल्व्हर यांच्या अभ्यासात दिसलं. तेच तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या वाहिन्यांनी हे वाचायला हवं. एकदा दाखवण्याचं समर्थन करता येतं, दिवसभर मागे फिरत ठेवण्याचं येत नाही. ‘दृश्यं विचलित करू शकतात’ ही सूचना टाकली की जबाबदारी संपली, असंही नाही. अशा सूचनांमुळे मिळणारा धक्का कमी होतो, असं संशोधनात दिसलेलं नाही.

आणि ज्यांना पाहावंच लागतं ते? डेस्कवरचा माणूस एक फोटो छापण्याआधी पन्नास पाहतो. टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी हिंसेची कच्ची दृश्यं तपासणाऱ्या पत्रकारांचा अभ्यास केला. एका बैठकीत किती वेळ पाहिलं, यापेक्षा किती वारंवार पाहावं लागतं, याचा त्रास जास्त होतो, असं त्यांना आढळलं. म्हणून अशा कामात आवाज बंद ठेवायचा, खिडकी लहान करायची, दुसऱ्याला फाइल पाठवताना आत काय आहे ते नावातच लिहायचं, असे साधे उपाय सांगितले जातात. आवाज बंद करणं किरकोळ वाटतं, पण किंकाळी डोळे मिटूनही थांबत नाही.

आत्महत्येच्या बाबतीत मात्र चर्चेला फारशी जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फोटो, व्हिडिओ, जागा, पद्धत यांतलं काही दाखवू नये, कारण अनुकरणाचा धोका खरा आहे. इथे लोकहित न दाखवण्यात आहे.

इर्पिनमधलं सामान

६ मार्च २०२२. युक्रेनमध्ये कीव्हजवळच्या इर्पिनमधून लोक पायी बाहेर पडत होते. उखळी तोफेचा गोळा रस्त्यावर पडला. एक आई, तिची दोन मुलं आणि त्यांना मदत करणारा एक स्वयंसेवक जागीच कोसळले. लिन्झी अडारिओ ही छायाचित्रकार जवळच होती. त्या माऱ्यातून ती थोडक्यात बचावली होती. असा फोटो काढणं या माणसांचा अनादर ठरेल का, हा विचार मनात आला, पण हा युद्धगुन्हा आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी असं वाटलं, हे तिने नंतर सांगितलं. रशिया तेव्हा म्हणत होता की नागरिक आमचं लक्ष्य नाहीत. रस्त्यावर चार माणसं पडली होती, शेजारी चाकांची बॅग उभीच होती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तो फोटो पहिल्या पानावर मोठा छापला, चेहरे न झाकता.

या लेखातले बहुतेक प्रश्न त्या फोटोला लावून पाहिले तर उत्तर ‘छापा’ असंच येतं. खरेपणा: छायाचित्रकार जागेवर हजर. हेतू: मारणाऱ्याने दिलेला नाही. गरज: एका सरकारचा दावा खोडून काढणारा पुरावा. मीही छापा असंच म्हटलं असतं.

मुलांचे वडील त्या वेळी देशाच्या पूर्व भागात आजारी आईजवळ होते. त्यांना कुणी फोन केला नाही. इर्पिनमधून निघालेलं एक कुटुंब मारलं गेल्याचं त्यांनी आधी ट्विटरवर वाचलं. थोड्या वेळाने तिथेच फोटो आला. त्यांनी सामान ओळखलं.

पुढे त्याच वृत्तपत्राशी बोलताना ते म्हणाले की इथे काय चाललंय ते साऱ्या जगाला कळायला हवं. तोवर फोटो छापून दोन दिवस झाले होते.